9-0 झालं, पण कशावर?

"ट्रम्पनी बंड केलंच नाही असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 9-0 नी सांगितलं, शिवाय बंडासाठी शिक्षाच झाली नाही तर अपात्र कसे, आणि ते कलम सिव्हिल वॉरवाल्यांसाठी होतं, 1872 लाच संपलं." हा फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय. (बंड म्हणजे 6 जानेवारी 2021 ला ट्रम्प समर्थकांनी अमेरिकेच्या संसदेवर केलेला हल्ला, आणि सिव्हिल वॉर म्हणजे तिकडचं 1861-65 चं यादवी युद्ध.) यातलं 9-0 तेवढं खरंय.

निकाल 4 मार्च 2024 चा. कोलोरॅडो राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 4-3 नी ट्रम्पना प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीच्या) मतपत्रिकेवरून काढायला सांगितलेलं, ते अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने फिरवलं, का तर संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीचं कलम 3 (बंडात सामील झालेल्यांना पदबंदी करणारं) केंद्रातल्या पदांना, त्यातही राष्ट्राध्यक्षपदाला, लावायचा अधिकार राज्यांना नाही. बंड झालं का, ट्रम्प त्यात होते का, याला त्यांनी हातच लावला नाही. उलट कोलोरॅडोतल्याच डेन्व्हरच्या खालच्या कोर्टातल्या जजबाई पुरावे बघून ट्रम्प बंडात होते असंच म्हणाल्या होत्या, फक्त हे कलम राष्ट्राध्यक्षांना लागू नाही म्हणून ट्रम्पचं नाव मतपत्रिकेवर राहू दिलं. आणि 9-0 पण वाटतं तेवढं एकमुखी नाही हां, संसदेने कायदा केल्याशिवाय हे कलम वापरता येणार नाही हे म्हणणारे पाचच, बाकीच्या चौघी (कोर्टातल्या चारही महिला जज) म्हणाल्या इतकं पुढे जायची गरज नव्हती.

शिक्षेचं म्हणाल तर आपल्याकडे दोन वर्षांची शिक्षा झाली की आमदारकी जाते, म्हणून आपल्याला वाटतं तिकडेही तसंच. पण कलमात शिक्षेचा उल्लेखच नाही. संविधानाची शपथ घेऊन पदावर बसलात आणि नंतर बंडात सामील झालात किंवा बंडखोरांना मदत केलीत की पद बंद, एवढंच. न्यू मेक्सिकोतला कुई ग्रिफिन बघा, काउंटी कमिशनर (जिल्ह्यासारख्या भागाचा पदाधिकारी), 6 जानेवारीबद्दल शिक्षा झाली ती प्रतिबंधित आवारात घुसल्याच्या किरकोळ गुन्ह्याची, बंडाची नाही. तरी सप्टेंबर 2022 मधे कोर्टाने पदावरून काढलं, आणि ट्रम्पचा निकाल दिल्यावर दोनच आठवड्यांनी सुप्रीम कोर्टाने त्याचं अपील ऐकायलाही नकार दिला. पद राज्यातलं होतं ना, तिथे राज्याला हे कलम लावता येतं.

राहिलं 1872. ती माफी होती, दोन तृतीयांश बहुमताने बहुतेक जुन्या बंडखोरांना दिलेली, कलम काही कोणी रद्द केलं नाही. 1919 मधे हेच कलम काढून मिलवॉकीच्या व्हिक्टर बर्गरला निवडून येऊनही संसदेच्या प्रतिनिधिगृहाने बसू दिलं नाही, आणि तो सिव्हिल वॉरवाला नव्हता, पहिल्या महायुद्धाला विरोध करणारा सोशालिस्ट होता.