जाळ्याची आस

माशांच्या क्रेटला तळाशी भोकं का असतात, हे त्यातल्या मेलेल्या बांगड्यालाही कळतं. बर्फाचं पाणी निघून जावं म्हणून. मोल्ड बनवण्याआधी क्रेटचे कागदोपत्री बारीक तुकडे पाडणाऱ्या मेशिंगच्या सॉफ्टवेअरला मात्र ते कळत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक भोक म्हणजे नवं दुखणं. भोकाला कड असते, कडेला फिलेट, म्हणजे गोलाई असते, आणि फिलेट जिथे संपतो तिथे केसाच्या जाडीचा एक निमुळता पृष्ठभाग असतो, ज्यावर धड एक त्रिकोणही मावत नाही. अशी दोन-अडीचशे भोकं, खाली बळकटीसाठी उभ्या-आडव्या रिबा, म्हणजे पट्ट्या, हाताला धरायच्या दोन खाचा आणि दोन्ही बाजूंना मालकाचं नाव उठावाच्या अक्षरांत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद, म्हणजे क्रेट नारळी पौर्णिमेच्या आत हवा. गिऱ्हाईकाचं म्हणणं सरळ असतं, "ता जाळ्याबिळ्याचा तुझा तू बघ. माका क्रेट कधी गावतलो ता सांग."

पण सगळं अडतं ते जाळ्यापाशीच. वितळलेलं प्लॅस्टिक मोल्डमध्ये कुठून कसं भरेल, हवा कुठे कोंडेल, दोन प्रवाह भेटून वेल्ड लाइन कुठे येईल, थंड होताना क्रेट कुठल्या अंगाने वाकेल, हे मोल्डचं पोलाद कापण्याआधी बघायचं तर क्रेटचे बारीक बारीक तुकडे पाडून ते गणिताच्या हवाली करावे लागतात. या तुकड्यांच्या विणीला मेश म्हणतात. किनाऱ्यावर जाळ्याच्या एका घराला 'आस' म्हणतात. मला हा शब्द फार पटतो, कारण मेशवाल्याकडे शेवटी तेवढीच उरते.

सॉफ्टवेअर निवडायचं म्हटलं की पहिला सामना डेमोशी. डेमो म्हणजे हापूसच्या पेटीतला वरचा थर. पडद्यावर येतो तो गुळगुळीत मोबाइलचा कव्हर किंवा बादली, सगळीकडे सारखी जाडी, एकही खोट नाही. एक बटण दाबलं की मिनिटाभरात मेश तयार. खालच्या थरात काय आहे ते बघायचं असेल तर आपली स्वतःची, सगळ्यात वाईट फाइल न्यावी. भोकांचा क्रेट द्यावा, तोही दुसऱ्याच कॅड सॉफ्टवेअरमधून आयजेस या जुन्या फाइल-प्रकारात काढलेला, आणि समोरच्याला म्हणावं, आता दाबा बटण. त्यानंतर चहा येतो, आणि चहानंतर "ही फाइल आमच्या टीमकडे पाठवतो" हे वाक्य येतं. किमतीचं विचारलं तर आधी तुमचा पिनकोड विचारला जातो.

निवड नावावरून करायची नसते, पार्टवरून करायची असते. मोल्डफ्लो या प्लॅस्टिक भरण्याच्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मेशच्या तीन जाती आहेत. जुनी मिडप्लेन, म्हणजे पार्टच्या जाडीच्या मधोमध एकच पातळ पडदा. ड्युअल डोमेन, म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही अंगांवर त्रिकोण, समोरासमोरच्या त्रिकोणांची जोडी जुळवलेली. आणि थ्रीडी, म्हणजे आतपर्यंत टेट्राहेड्रॉन (चार त्रिकोणी बाजूंचे ठोकळे, थोडक्यात टेट्रा) ठासून भरलेले. लांबी-रुंदी जाडीच्या निदान चौपट असेल, पार्ट पातळ असेल, तर ड्युअल डोमेन चालतं. भरणं तपासायला जोड्या ८५ टक्के जुळायला हव्यात, वाकणं तपासायला ९० टक्के. (आमच्याकडे पत्रिका याहून कमी गुणांवर जुळतात.)

क्रेटचा हिशेब मांडून बघा. २ किलोचा एचडीपीई प्लॅस्टिकचा क्रेट, घनता ०.९५, म्हणजे साधारण २१ लाख घनमिलिमीटर प्लॅस्टिक. भिंत ३ मिलिमीटर. १ मिलिमीटर कडेचा टेट्रा ०.११८ घनमिलिमीटरचा असतो. भागाकार केला की पावणेदोन कोटींच्या वर एलिमेंट, म्हणजे तुकडे, होतात, आणि एवढं करूनही भिंतीच्या जाडीत जेमतेम ३ थर. थ्रीडीला जाडीत निदान ६, जमल्यास १० थर हवेत, कारण प्लॅस्टिक मोल्डच्या भिंतीला टेकलं की गोठतं, मध्ये वाहत राहतं, आणि तापमानाची सगळी उलथापालथ त्या भिंतीलगतच्या पापुद्र्यात होते. बारीक करू म्हणाल तर कड निम्मी केली की एलिमेंट आठपट होतात. म्हणून या कामासाठीच बनवलेली सॉफ्टवेअरं जाडीच्या दिशेने चपटे टेट्रा घालतात. तैवानचं मोल्डेक्स थ्रीडी भिंतीलगत प्रिझमचे थर लावतं आणि आत टेट्रा भरतं. तोच क्रेट ड्युअल डोमेनने ५ मिलिमीटर कडेच्या त्रिकोणांत बसवला, तर सव्वा लाखाच्या थोडं वर त्रिकोणांत काम होतं. कड भिंतीच्या दीड ते दोनपट ठेवली की बहुतेक भागतं.

म्हणजे क्रेटला थ्रीडी लागत नाही? बहुतेक वेळा नाही लागत. पण त्याच कारखान्यात शेजारच्या मशीनवर होडीच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक असतं, काचेचे तंतू मिसळलेल्या नायलॉनचा. त्याचा मधला भाग जाड, पाती वळलेली. तंतू प्रवाहाच्या दिशेने लागतात, त्या दिशेला आकुंचन कमी आणि आडव्या दिशेला जास्त, आणि पार्ट पिळवटतो. तिथे ड्युअल डोमेनवर विसंबणं म्हणजे किनाऱ्यावर ओढायच्या रापणीने सुरमई धरायला जाणं.

आता हायपरमेश, आन्सा यांची गोष्ट वेगळी. ही सर्वसाधारण मेशिंगची बलदंड सॉफ्टवेअरं. एकेक नोड, म्हणजे तुकड्याचा कोपरा, हाताने सरकवता येतो, फाटका पृष्ठभाग शिवता येतो, एलिमेंटला हवी ती शिस्त लावता येते. पण मेनू एवढे, की शिकणाऱ्याचा पहिला पावसाळा त्यातच जातो. आणि इथे केलेलं काम पुढे सिम्युलेशनवाल्या सॉफ्टवेअरला द्यायचं असतं. ते बहुधा नॅस्ट्रान या तिसऱ्याच सॉफ्टवेअरच्या फाइलीतून जातं, आणि दुभाषा मध्ये आला की जे व्हायचं ते होतं. आकडे पोचतात, एकक वाटेत राहतं.

या एककाने जितके अपमान केलेत तितके कुणी केले नसतील. नुसते पृष्ठभागाचे त्रिकोण साठवणाऱ्या एसटीएल फाइलीत एककच नसतं, नुसते आकडे. ६०० मिलिमीटरचा क्रेट समोरच्याने इंचात वाचला की तो १५.२४ मीटरचा होतो. म्हणजे क्रेट राहिला बाजूला, ट्रॉलर तयार. घनफळ १६,३८७ पट, आणि २ किलोच्या क्रेटला पावणेतेहतीस टन प्लॅस्टिक. पडद्यावर चित्र मात्र हुबेहूब तसंच दिसतं, कारण झूम आपोआप जुळतो. म्हणून मेश आत आली की आधी घनफळ बघायचं, घनतेने गुणायचं, वजन ताडून घ्यायचं. एका मिनिटाचं काम आहे, तरी ते कुणी करत नाही.

जीमेश हे मेशिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, बेल्जियमच्या दोन प्राध्यापकांचं, आणि टेट्रा खरोखर चांगले पाडतं. पण समोरासमोरच्या त्रिकोणांची जोडी जुळवणं हे त्याचं काम नाही, आणि स्टेप या कॅडच्या फाटक्या फाइलपुढे त्याचा संयम लवकर संपतो. स्वच्छ फाइल असेल आणि माणूस टिच्चून बसणारा असेल, तर घ्यावं. फुकट म्हणून घेऊ नये.

मेश तपासताना मी तीन गोष्टींवर हटून बसतो. सुट्या कडा शून्य, कारण एक जरी कड उघडी राहिली तर आत काय आणि बाहेर काय हेच ठरत नाही, आणि टेट्रा भरायचे कुठे? एकमेकांत घुसलेले त्रिकोण शून्य. आणि पृष्ठभागावरच्या त्रिकोणांची लांबी-रुंदी ६ ला १ च्या आत. गेटला, म्हणजे प्लॅस्टिक पार्टमध्ये शिरतं त्या तोंडाला, निदान ३ एलिमेंट हवेत. दाब तिथेच झपाट्याने उतरतो, आणि एकाच एलिमेंटवर तो मोजणं म्हणजे घाटाची चढण एका पावलाने मोजणं. वर रायगड-पालघरकडे डोल जाळं लावतात त्याची आस तोंडाशी मोठी आणि शेपटाकडे बारीक होत जाते. मेश तशीच हवी. गेटपाशी बारीक, मोकळ्या भिंतीवर मोठी, मधला बदल हळूहळू. हे सोप्या मेनूत करू देणारं सॉफ्टवेअर मला पहिल्या पाचांत चालतं, बाकीचं चमकदार असलं तरी. शेवटी कड थोडी बारीक करून पुन्हा चालवायचं. भरण्याचा दाब फारसा हलला नाही तर आधीची मेश पुरेशी होती. हलला तर गुमान आणखी बारीक.

या सगळ्याआधी सफाई. तिथेच खरा वेळ जातो आणि डेमोत तीच दाखवत नाहीत. बाहेरच्या कडांचे अर्ध्या मिलिमीटरच्या आतले फिलेट उडवायचे. रिबच्या मुळाशी असलेला फिलेट मात्र ठेवायचा, कारण तिथे जाडी वाढते, प्लॅस्टिक उशिरा थंड होतं आणि समोरच्या अंगावर खड्डा पडतो. तो फिलेट काढला की खड्डा फक्त पडद्यावरून जातो, क्रेटवरून नाही. अक्षरं काढायचीच. ०.३ मिलिमीटर उठावाचं एक 'क्ष' सगळ्या तळाइतके त्रिकोण खातं आणि प्रवाहावर त्याचा काडीचा परिणाम होत नाही.

वीज जाते, यूपीएस किरकिरतो, गणित ८२ टक्क्यांवरून पुन्हा शून्यावर येतं. हे जूनमध्ये धरूनच चालायचं आणि मधले निकाल साठवणारा पर्याय आधीच चालू ठेवायचा. खाऱ्या हवेने डोंगलच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या यूएसबी किल्लीच्या, पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, तोही पुसत राहायचा.

मग एकदाचा निकाल येतो. क्रेट निळ्यापासून लालपर्यंत रंगलेला, चारी कोपरे एकदम भरलेले, वेल्ड लाइन खाचेपासून दूर, वाकणं मिलिमीटरच्या आत. गिऱ्हाईक पडद्याजवळ येतं, चष्मा लावतं, एका बाजूने बघतं, दुसऱ्या बाजूने फिरवायला सांगतं आणि विचारतं,

"आमचा नाव खंय गेला?"