पृथ्वीचा वेग कोणी मोजला? भिंतीवरचं पंचांग काढा

घरच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरून आला. म्हणणं थोडक्यात असं: पृथ्वी ताशी 1 लाख 7 हजार किलोमीटरने सूर्याभोवती पळते हे नासा सांगते म्हणून आपण मानतो, सामान्य माणसाला ते तपासता येत नाही. इतका वेग असता तर आपण केव्हाच फेकले गेलो असतो. आणि लांबच्या ग्रहांचा फेरा मोठा, मग ते जास्त जोरात पळायला हवेत. पुस्तकात उलटं कसं? खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

लांबच्या ग्रहांपासून सुरू करतो, कारण ते उत्तर घरातच खिळ्याला टांगलेलं आहे. नाशिकचा सिंहस्थ 12 वर्षांनी का येतो? गुरूला बारा राशी फिरून पुन्हा सिंह राशीत यायला साधारण तेवढी वर्षं लागतात (नेमकी 11.86). साडेसाती म्हणजे शनीच्या तीन राशी. एका राशीला अडीच वर्षं, तर बारा राशींना 30 (खरं तर साडेएकोणतीस). साडेसातीवर माझा काडीचा विश्वास नाही, पण तिच्यातला हिशेब चोख आहे.

आता खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा 1619 सालचा नियम घ्या: फेरीला लागणाऱ्या वर्षांचा वर्ग म्हणजे सूर्यापासूनच्या अंतराचा घन, अंतर पृथ्वीच्या पटीत. शनीसाठी 30 चा वर्ग 900, त्याचं घनमूळ साधारण 9.65. म्हणजे फेरा पृथ्वीच्या 9.65 पट लांब, पण वेळ 30 पट. वेग आला पृथ्वीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. गुरूसाठी 144 चं घनमूळ 5.24, भागिले 12, म्हणजे 0.44 पट. फेरा वाढतो, पण वेळ त्याहून जास्त वाढतो. सूर्याची ओढ लांब गेल्यावर कमी होते, त्यामुळे कक्षेत राहायला तेवढा वेग लागतच नाही. शनैश्चर या शब्दाचा अर्थच सावकाश चालणारा. अर्थात नावाने काही सिद्ध होत नाही. लांबून जाणारी आगगाडीही सावकाशच वाटते. म्हणून तर घनमूळ काढायचं.

‘तपासता येत नाही’ म्हणता? सूर्य 15 कोटी किलोमीटरवर. 2 × 3.14 × 15 कोटी म्हणजे 94.2 कोटींचा फेरा. वर्षाचे तास 8,766. भागाकार करा, 1 लाख 7 हजारांच्या थोडं वर येतं.

यावर एका काकांनी विचारलं, “ते 15 कोटी तरी कोणी सांगितले?” हा प्रश्न मात्र रास्त आहे. केप्लर नुसत्या पटी देतो, किलोमीटर नाही. पण वेग अंतराशिवायही काढता येतो. पावसात भरभर चालताना आपण छत्री पुढे कलती धरतो, तशीच धावत्या पृथ्वीवरून ताऱ्याचा प्रकाश पकडायला दुर्बीणही किंचित कलती धरावी लागते. हा कल खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडलीने 1729 मध्ये जाहीर केला: सुमारे 20 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग). दहावीतलं टॅन काढलं तर साधारण दहा हजारास एक. म्हणजे पृथ्वीचा वेग प्रकाशाच्या दहा हजाराव्या भागाइतका. प्रकाशाचा वेग फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने 1849 मध्ये पॅरिसजवळ दातेरी चाक आणि आरसा वापरून जमिनीवरच मोजला. आजचा आकडा सेकंदाला 3 लाख किलोमीटर. त्याचा दहा हजारावा भाग 30 किलोमीटर. गुणिले 3,600, ताशी 1 लाख 8 हजार. नासाची स्थापना 1958 ची.

फेकले जाण्याचं म्हणाल, तर रिक्षात आपण कलंडतो ते वळणावर, सरळ रस्त्यावर नव्हे. पृथ्वी एका सेकंदात 30 किलोमीटर जाते आणि तेवढ्यात सरळ रेषेपासून सूर्याकडे वळते फक्त 3 मिलिमीटर. शिवाय सूर्य आपल्यालाही जमिनीसोबत तितकंच ओढतो, त्यामुळे तेही जाणवत नाही.

शेवटी कोणीतरी टाकलंच: “कक्षा लंबवर्तुळ आहे, वर्तुळाचं सूत्र चालणार नाही.” जानेवारीत सूर्याजवळ असताना वेग सेकंदाला 30.3 किलोमीटर, जुलैत 29.3. मी 30 धरला होता.