बाख, मेंडेल्सझोन आणि मधल्या बायका

"मेंडेल्सझोनने विस्मरणात गेलेल्या बाखचा शोध लावला." परवा गप्पांत हे वाक्य पुन्हा कानावर पडलं. दर वेळी ते ऐकलं की मला राग येतो. मेंडेल्सझोनचा नाही, हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन संगीतकार माझा फार लाडका. बाख हा त्याच्या शंभरेक वर्षं आधीचा जर्मन संगीतकार. राग येतो तो 'शोध' या शब्दाचा. आज जरा सविस्तर लिहिते.

आधी घटना सांगते. ११ मार्च १८२९, बर्लिन. झिंगअकादमी या गायनसंस्थेचं सभागृह खच्चून भरलेलं. प्रशियाचा राजा हजर, तत्त्वज्ञ हेगेल हजर, कवी हाइने हजर. तिकिटं न मिळाल्याने कित्येक जण परत गेलेले. आणि दीडशेहून जास्त गायकांच्या वृंदासमोर पियानोपाशी, हातात संचालनाची छडी घेऊन, वीस वर्षांचा फेलिक्स मेंडेल्सझोन. कार्यक्रम बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'चा. बाखने ही रचना लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमधल्या गुड फ्रायडेसाठी केली होती, १७२७ साली. म्हणजे मध्ये शंभर वर्षं गेलेली.

ज्यांनी ही ऐकलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. ख्रिस्ताच्या शेवटच्या दिवसांची कथा एक गायक सांगत जातो. मध्ये पात्रं बोलतात, जमाव ओरडतो. मग कथा थांबते आणि एखादा एकल आवाज त्या प्रसंगावर मनन करतो. अधूनमधून त्या काळच्या भाविकांना पाठ असलेली साधी स्तोत्रं येतात. कीर्तनकार आख्यान सांगता सांगता थांबून ओळखीचा अभंग लावतात, तेव्हा सभेत जे होतं, त्याच्या फार जवळचं काहीतरी इथे होतं. पहिल्यांदा ऐकताना मला जर्मन येत नव्हतं, तरी कुठे थांबायचं आणि कुठे आतून गलबलायचं ते कळत होतं.

मेंडेल्सझोनने यातल्या बऱ्याच एकल रचना गाळल्या, वापरातून गेलेल्या जुन्या वाद्यांच्या जागी क्लॅरिनेट घातले. जुन्या वाद्यांवर, जुन्या पद्धतीने बाख वाजवणारे आज यावर नाक मुरडतात. मला ते पटत नाही. जवळजवळ तीन तासांची, कुणाच्याच कानावर न बसलेली रचना त्याला लोकांपुढे उभी करायची होती. १८४१ मध्ये त्याने हीच रचना बाखच्याच चर्चमध्ये पुन्हा केली, तेव्हा गाळलेलं काही परतही आणलं. आधी माणसं दारात आणावीत, मग घर दाखवावं, यात मला काही गैर वाटत नाही.

पण मुळात वीस वर्षांच्या मुलाच्या हातात ती स्वरलिपी आली कुठून?

आजीने दिली. बेला सालोमोन ही त्याच्या आईची आई. फेलिक्स चौदा-पंधरा वर्षांचा असताना तिने त्याला या पॅशनची हस्तलिखित प्रत भेट दिली. आणि ही आजी श्रद्धाळू ज्यू होती. स्वतःच्या मुलाने धर्म बदलला म्हणून तिने त्याच्याशी संबंध तोडले होते. त्या बाईने नातवाला ख्रिस्ताच्या मरणाचं संगीत दिलं! इथे मी दर वेळी थांबते. तिला ते 'त्यांचं' वाटलं नसणार, बाखचं वाटलं असणार.

बेलाची बहीण सारा लेवी. ती बाखच्या थोरल्या मुलाची, विल्हेल्म फ्रीडेमानची, शिष्या. म्हणजे बाखची तालीम एकाच पिढीच्या अंतराने तिच्या बोटांत आलेली. तिने बाख घराण्याच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह केला, झिंगअकादमीत स्वतः बाख वाजवला आणि आपला संग्रह याच संस्थेला दिला. बेलाची मुलगी लेया, म्हणजे फेलिक्सची आई. पहिली मुलगी जन्मली तेव्हा लेया म्हणाली, हिची बोटं बाखच्या फ्यूगची (एकच सुरावट अनेक आवाजांत गुंफणाऱ्या रचनेची) आहेत. ती मुलगी फॅनी. तेराव्या वर्षी तिने बाखचे चोवीस प्रिल्यूड (छोट्या वादनरचना) वडिलांना न बघता वाजवून दाखवले.

सांगा, यात विस्मरण कुठे आहे?

माझ्या आजीला शंभरावर भूपाळ्या, आरत्या पाठ होत्या. ती गेल्यावर एका नातेवाइकांनी त्यांची पुस्तिका छापली. प्रकाशनाच्या दिवशी 'काळाच्या उदरातून बाहेर काढलेला ठेवा' असं भाषण झालं. माझी आई श्रोत्यांत बसली होती. तिला त्यातली प्रत्येक ओळ येत होती, रोज सकाळी ती म्हणत होती. तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. माझा राग तिथून येतो.

फेलिक्सचं मोठेपण मी अजिबात कमी करत नाही. त्याच्या गुरूंनी, झेल्टरनी, सुरुवातीला त्याला आणि त्याचा नट मित्र देव्रियां याला शेंबडी पोरं म्हणून उडवून लावलं, तरी दोघं हटले नाहीत. देव्रियांने आठवणींत लिहून ठेवलंय की फेलिक्स तेव्हा म्हणाला, हे सर्वांत थोर ख्रिस्ती संगीत लोकांना परत द्यायला एक नट आणि एक ज्यू पोरगा लागावा! पुढे १८३५ मध्ये तो लाइपझिगच्या गेवान्डहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. बाखच्याच गावात. १८४० मध्ये सेंट थॉमसमध्ये एकट्याने ऑर्गनची मैफल करून त्याने बाखच्या स्मारकासाठी पैसे उभे केले. १८४३ मध्ये अनावरण झालं तेव्हा बाखचा म्हातारा नातू समोर होता.

आणि त्याचं फळ? १८४७ मध्ये तो अडतिसाव्या वर्षी गेला. तीनच वर्षांत जर्मन संगीतकार वाग्नरने टोपणनावाने लेख लिहून त्याला ज्यू म्हणून परका ठरवलं. नोव्हेंबर १९३६ मध्ये नाझींनी गेवान्डहाउससमोरचा त्याचा पुतळा एका रात्रीत हलवला. महापौर गोर्डेलर यांनी निषेध म्हणून पद सोडलं. ज्या घराने बाख जपला, त्या घराला बाखच्या गावात जागा उरली नाही. हे लिहिताना आत्ताही माझा हात जड होतो. २००८ मध्ये त्या पुतळ्याची नवी प्रतिकृती उभी राहिली, सेंट थॉमस चर्चजवळच.

झिंगअकादमीचा संग्रह दुसऱ्या महायुद्धात नाहीसा झाला होता. १९९९ मध्ये तो कीव्हमध्ये सापडला, २००१ मध्ये बर्लिनला परतला. त्यात सारा लेवीची हस्तलिखितंही आहेत. याला हवं तर शोध म्हणा, माझी हरकत नाही.

१८२९ च्या त्या संध्याकाळी फॅनी छडीजवळ नव्हती, गायकवृंदात आल्टोंमध्ये (खालच्या स्वरातल्या बायकांमध्ये) उभी राहून गात होती. सभागृह देवळासारखं वाटत होतं, असं तिने नंतर लिहिलं. त्या रचनेत दोन वृंद समोरासमोर असतात. पहिला वृंद सुरू करतो, दुसरा मध्येच विचारतो, "कोणाला? कसं?" आणि अगदी पहिली हाक असते ती अशी: "या लेकींनो, माझ्यासोबत विलाप करा."