तिसऱ्या पिढीवर फुटणारं खापर

दर दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या आसपास, आमच्या फाउंड्रीवाल्यांच्या, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखानदारांच्या, ग्रुपवर एक मेसेज फिरतो. आजोबा उभारतात, बाप सांभाळतो, नातू बुडवतो. खाली आकडे असतात : घरच्या धंद्यांपैकी ३० टक्केच दुसऱ्या पिढीपर्यंत पोचतात, १२ टक्के तिसरीपर्यंत, ३ टक्के चौथीपर्यंत. त्याखाली उपदेश : मूळ माल सोडू नका, जुनी खोडं काढून टाका, कर्ज काढून वाढू नका, आणि धंदा रक्तात असतो, कागदात नसतो.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत आजोबांनी सुरू केलेली ओतकामाची शेड आज मी चालवतो. म्हणजे या हिशेबात बुडवणारा मीच. उत्तर देण्यात माझा स्वार्थ आहे, हे आधीच कबूल करतो.

आधी आकडे. त्यांचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा आपण अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात पोचतो. जॉन वॉर्ड या प्राध्यापकांनी तिथल्या सुमारे २०० कारखान्यांची १९२४ ते १९८४ या साठ वर्षांतली वाटचाल तपासली आणि १९८७ मध्ये मांडली. साठ वर्षांनंतर १३ टक्के कारखाने त्याच घराच्या मालकीचे उरले होते. मधल्या काळात १९२९ ची महामंदी येऊन गेली, दुसरं महायुद्ध झालं. त्यातून तरून तिसरी पिढी संपेपर्यंत टिकलेले ते १३ टक्के. मेसेजमध्ये मात्र तेच, १२ होऊन, तिसऱ्या पिढी'पर्यंत' पोचलेले होतात. उंबऱ्याला पाय लावणं आणि त्या घरात जन्म काढणं एकच म्हणायचं का? शिवाय एका राज्यातले २०० कारखाने होते ते. त्यावरून इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचं भविष्य सांगायचं म्हणजे कमालच.

त्याहून मोठी गफलत 'टिकला' या शब्दात आहे. कारखाना त्याच घराच्या हातात राहिला तरच तो टिकला, असं धरलं की चांगल्या भावात विकलेला कारखानाही बुडीत खात्यात जातो. कॅमलिनचं बघा. १९३१ मध्ये दांडेकरांनी शाईपासून सुरुवात केली. पुढच्या पिढीत सुभाष दांडेकरांनी रंगांचा धंदा उभा केला. २०११ मध्ये कोकुयो या जपानी कंपनीनं मोठा हिस्सा घेतला. मेसेजच्या तागडीत हे घर बुडालं. इकडे पोरांच्या दप्तरात कॅमलचे रंग आहेतच.

आता 'मूळ माल सोडू नका'. हा उपदेश ऐकला असता तर किर्लोस्कर आजही बेळगावात सायकली विकत बसले असते. लक्ष्मणरावांनी सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, मग कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकून आले. १९४६ मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या पिढीनं नांगरालाच मिठी मारली असती तर किर्लोस्कर हे नाव शेतीच्या इतिहासात एका ओळीपुरतं उरलं असतं.

बजाजचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखत घडलं. २००९ च्या शेवटी राजीव बजाज यांनी स्कूटर बंद करून मोटारसायकलवर भर द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांचे वडील राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं जाहीरपणे सांगितलं. ज्या माणसानं 'चेतक' घरोघरी नेली, त्याला वाईट वाटणारच. पण निर्णय मुलाचा राहिला. दहा वर्षांनी, २०२० च्या सुरुवातीला, चेतक विजेवर परत आली. वडील बोलले पण आड आले नाहीत, ही गोष्ट मला स्कूटरच्या बंद होण्यापेक्षा मोठी वाटते.

आमच्याकडे आजोबा गुऱ्हाळाच्या चरकाचे भाग ओतायचे, वडिलांनी ऑइल इंजिनचे पार्ट धरले, मी व्हॉल्व्हच्या बॉड्या ओततो. भट्टी तेवढी तीच म्हणावं, तर तीही नाही : कोळशावरचा क्युपोला गेला, विजेवरची इंडक्शन आली. सगळे बदल फळले असंही नाही. स्वतःच्या नावाचा पंप काढायला गेलो आणि सणकून आपटलो. दुसऱ्याला ओतून देणं आणि दुकानदाराच्या गळ्यात आपला माल मारणं हे दोन वेगळे धंदे आहेत, हे कळायला मला तीन वर्षं आणि एक गोडाऊन लागलं.

'जुनी खोडं काढा' हा पुढचा मुद्दा. यात अर्धं तथ्य आहे म्हणून तो जास्त घातक. नवीन मशीन लागतंच. पुण्यात बाबा कल्याणी यांनी भारत फोर्जमध्ये हातोड्याच्या जागी स्वयंचलित प्रेस आणले नसते, तर ती कंपनी जगभरात माल पाठवू शकली नसती. मीही आल्या आल्या साच्याची वाळू तपासायची उपकरणं घेतली. रोज ओलावा मोजायचो, तीन-साडेतीन टक्के, अगदी पुस्तकातल्यासारखा. तरी ओतलेल्या कास्टिंगला छिद्रं पडत होती आणि माल परत येत होता. आमचे साचे करणारे म्हातारे मोल्डर मिस्त्री मूठभर वाळू दाबून, मोडून बघायचे. एक दिवस म्हणाले, "पानी बरुबर हाय, धाकलं मालक. पन वाळू मेलीया."

मला हसू आलं होतं. नंतर कळलं ते अक्षरशः खरं होतं. वाळूला बांधून ठेवणारा बेन्टोनाइट, म्हणजे एक चिकट माती, वितळलेल्या लोखंडाच्या उष्णतेनं जळत जातो. तो वाळूत दिसतो, वजनात भरतो, पण चिकटत नाही. मी फक्त पाणी मोजत होतो. जिवंत माती किती उरली ते मोजतच नव्हतो, आणि मिस्त्रींची मूठ नेमकं तेच मोजत होती. आता त्याची वेगळी चाचणी रोज होते आणि तक्ता भिंतीवर असतो. मिस्त्रींना काढलं असतं तर हे ज्ञान त्यांच्यासोबत गेलं असतं. नुसतं ठेवून घेतलं असतं तर ते त्यांच्या मुठीत राहिलं असतं. मुठीतलं ज्ञान तक्त्यावर उतरवायचं मेसेजवाल्याला सुचत नाही, कारण त्याला माणूस म्हणजे एक तर खोड वाटतं नाही तर देव.

कर्जाबद्दल दोनच ओळी. महिन्याला एक कोटीचा माल जातो आणि पैसे ९० दिवसांनी येतात, म्हणजे तीन कोटी कायम गिऱ्हाइकाच्या खिशात. विक्री दुप्पट केली की सहा. हे जादाचे तीन कोटी नफ्यातून साठवायचे म्हटले तर ऑर्डर तोवर राजकोटच्या फाउंड्रीला गेलेली असते. लहान उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा २००६ चा आहे, पण ज्याच्याकडून पोट भरतं त्याच्यावर तक्रार कोण करतो?

राहता राहिलं 'धंदा रक्तात असतो, कागदात नसतो'. धंदे याच वाक्यानं बुडतात.

वडिलांच्या नावावरचा प्रोप्रायटरशिपचा, म्हणजे एकट्याच्या मालकीचा, कारखाना घ्या. पॅन वडिलांचा, म्हणून जीएसटी नंबरही त्याच पॅनवर. वडील गेले की तो नंबर पुढे चालत नाही. वारसाला नवी नोंदणी घ्यावी लागते आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं शिल्लक इनपुट क्रेडिट आयटीसी-०२ हा फॉर्म भरून नव्या नंबरावर आणावं लागतं. भागीदारी असेल तर १९३२ च्या कायद्याचं कलम ४२ आहे : करारात वेगळं लिहिलं नसेल तर एक भागीदार वारल्यावर फर्मच विसर्जित होते. आणि बाप-लेक दोघेच भागीदार असतील तर करारात लिहूनही उपयोग नाही, एकट्या माणसाची भागीदारी होत नाही. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, तो नावावर करायला महामंडळाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. कंपनी केली आणि शेअरना नॉमिनी लावला म्हणून निवांत असाल तर तेही नको. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीनं सांभाळणारा, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि 'मुलगा नाही, आता कोणासाठी?' म्हणणाऱ्यांनी २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी मुलाइतकीच हक्कदार आहे, हे वाचून ठेवावं.

आमच्या घरी हे सगळं मला एका शनिवारी कळलं. वडील अचानक आयसीयूत होते आणि चेकवर सही त्यांच्या एकट्याची चालायची. खात्यात पैसे होते, ऑर्डर होती, रक्तही त्यांचंच होतं. पगाराचे पैसे मात्र शेजारच्या शेडवाल्याकडून उसने आणले. वडील बावीस दिवसांनी घरी आले. महिनाभरात प्रायव्हेट लिमिटेडची कागदपत्रं तयार झाली, बहिणीचा हिस्सा लिहिला गेला, बँकेत माझी सही गेली. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शेडवर येऊन लोखंडाचा भाव विचारला.

कागद करूनही भांडणं होतात, असं कोणी म्हणेल. होतातच. किर्लोस्करांच्या घरात २००९ मध्ये कौटुंबिक करार झाला आणि त्याच्या अर्थावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ मध्ये न्यायालयानं मध्यस्थीचा सल्ला दिला. पण ते भांडण कलमांवरून झालं, इंजिनं आणि पंप बनतच राहिले. कागदच नसेल तर भांडायच्या आधी बँकेचं खातं थांबतं.

यंदा हा मेसेज मला मामांनी पाठवला. वय ७८, अजून रोज सकाळी नऊला कारखान्यात हजर. मी त्यांना लिहिलं, "मामा, मृत्युपत्र केलंय का?" उत्तर आलं, "सणासुदीला असलं अभद्र विचारू नये." त्याखाली जोडलेले दोन हात. कारखान्याचा जीएसटी नंबर त्यांच्या एकट्याच्या पॅनवर आहे.