हसा, अप्रेझल जवळ आलंय

तुमच्या ऑफिसातली माणसं हल्ली मान खाली घालून येतात, मान खाली घालून जातात आणि लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघता मजल्यांचे आकडे वाचत उभी राहतात का? घाबरू नका. मुख्य म्हणजे पगारवाढीसारखे टोकाचे विचार मनात आणू नका. अशा वेळी माणूस भावनेच्या भरात काहीही मंजूर करून बसतो. आधी फुगे आणा.

हिंजवडीत मनोबल शुक्रवारी दुपारी चार वाजता वाढतं. साडेचारला क्लायंटचा कॉल असतो, त्यामुळे ते फार वाढायची भीती नाही. ‘फन फ्रायडे’च्या मेलमध्ये ‘उपस्थिती ऐच्छिक’ असं ठळक लिहा आणि सीसीत सगळे मॅनेजर ठेवा. ‘वर्गणी ऐच्छिक आहे’ म्हणत दारात उभ्या राहणाऱ्या मंडळाच्या सहा कार्यकर्त्यांमुळे आपल्या माणसांना या शब्दाचा अर्थ लहानपणीच कळलेला असतो.

खेळ म्हणाल तर संगीत खुर्ची. दहा माणसं, नऊ खुर्च्या, आणि गाणं कधी थांबणार ते फक्त एचआरला ठाऊक. प्रोजेक्ट संपून दोन-तीन महिने बेंचवर, म्हणजे नव्या कामाची वाट बघत, काढलेली मंडळी या खेळात कमालीची चपळ निघतात, हे मी स्वतः पाहिलंय. जिंकणाऱ्याला कंपनीचा लोगो असलेला मग द्या. हरणाऱ्यालाही तोच द्या, गोदामात भरपूर पडलेत.

नवरात्र म्हणजे तर पर्वणी. कपडे त्यांचे, इस्त्री त्यांची, रंग वर्तमानपत्राने ठरवलेला. आपला खर्च एका फोटोचा. वाढदिवसांसाठी महिनाअखेरीला एकच केक, त्यावर अकरा नावं. जागा पुरली नाही तर आडनावं गाळा.

सहलीचा विषय मात्र सवडीने घ्या. सहल शनिवारीच काढा, कारण शनिवार कंपनीचा नसतो. मुळशीकडचा एखादा रिसॉर्ट, सकाळी साडेसहाला बस, पोह्यांच्या रांगेतच निम्मं संघटन होतं. मग तो डोळे मिटून मागे पडायचा खेळ, ज्यात सहकाऱ्यांनी झेलायचं असतं. झेलायला तोच उभा असतो ज्याने मंगळवारी स्वतःचा बग तुमच्या नावावर ढकललेला असतो. पडणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसतं, त्याला लिंक्डइनवर ‘विश्वास’ म्हणतात. घरी पोचायला रात्रीचे दहा वाजतील, वाकडच्या पुलावर आणखी अर्धा तास. रविवारी फीडबॅक फॉर्म पाठवा.

दोन धोके सांगून ठेवतो. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सुमारे दोनशे इंजिनियर आणि अकाउंटंट मंडळींना ‘नोकरीत बरं कधी वाटलं’ असं विचारलं होतं. १९५९ साली निष्कर्ष छापले. काम फत्ते झालं तेव्हा, कौतुक झालं तेव्हा, जबाबदारी मिळाली तेव्हा, अशी यादी निघाली. फुगे त्यात कुठेच नाहीत. जुनं संशोधन आहे, सोडून द्या.

दुसरा धोका फ्रान्सचा. तिथल्या एका सल्लागार कंपनीने २०१५ मध्ये एका माणसाला काढलं. तो कंपनीच्या मौजमजेत, म्हणजे मुख्यतः वीकेंडच्या दारूपार्ट्यांत, सामील होत नाही, हे एक कारण दिलं होतं. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मजा न करणं हे त्याचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. सात वर्षं लागली, पण म्हणालं. असले विचार आपल्या कँटीनपर्यंत पोचू देऊ नका.

कँटीनवरून आठवलं. गेटबाहेरच्या टपरीवर एकदा जाऊन या, आयकार्ड खिशात टाकून. दिवसातून तीनदा तुमची माणसं तिथे असतात. कटिंग आणि क्रीमरोल हातात घेऊन कुणीतरी तुमच्या आवाजाची नक्कल करतं आणि सगळे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. पैसे कुणी द्यायचे यावरून भांडतात. कुणाची आई दवाखान्यात आहे ते तिथे कळतं, आज रात्री तिच्याजवळ कोण थांबणार तेही तिथेच ठरतं. एक मेल नाही, एक बॅनर नाही. एवढं मनोबल कंपनीच्या आवाराबाहेर चाललंय आणि त्याची नोंद कुठेच नाही!

आधी स्वाइपच्या वेळा काढा. पंधरा मिनिटांच्या वरचा चहा टाइमशीटवर आला पाहिजे. मग पाचव्या मजल्यावर हुबेहूब टपरी उभारा. लाकडी बाकडं, काचेचे ग्लास, ‘उधार बंद’ची पाटी, चहा मशीनचा. उद्घाटन शुक्रवारी चार वाजता. उपस्थिती ऐच्छिक.