कनूथ, नऊ रुपये किलो

पेपर चौदा, पुस्तकं नऊ. जाड बांधणीची असतील तर पुठ्ठा फाडून. घर बदलतोय, नव्या घरात कपाट लहान, बायकोने दिलेली मुदत संपली, हे सगळं जाऊ द्या. रद्दीवाल्यावर माझा रागही नाही. राग आहे तो काट्याशेजारी स्टुलावर चहा पीत बसलेल्या काकांचा. नाशिकच्या रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीतला हा व्यवहार, त्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण पिशवीतून निघालेलं प्रत्येक पुस्तक आधी त्यांच्या हातात आणि मग काट्यावर.

पहिलं निघालं कर्निघन-रिचींचं, सी ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेचं पुस्तक. मूळ १९७८ चं, माझी १९८८ ची दुसरी आवृत्ती.

"एवढंसं? गाईड दिसतंय."

"काका, ज्याने भाषा केली त्यानेच लिहिलंय."

"मग कसं कळायचं? घर बांधणाऱ्याला वाटतं, जिना सगळ्यांना सापडतोच."

आमच्या बॅचमधली बरीच पोरं ह्याच कारणासाठी यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' ह्या सोप्या पुस्तकाकडे पळाली होती. पण काकांना हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

मग डोनाल्ड कनूथच्या 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रामिंग'चे खंड. ह्या माणसाबद्दल मत प्रत्येक प्रोग्रामरला असतं, वाचलेला मात्र मला अजून भेटायचाय. मुलाखतीत नाव घ्यायचं, कपाटात दर्शनी ठेवायचं, धूळ झटकायची. मी अभिमानाने सांगितलं, पुस्तकात चूक सापडली की हा लेखक दोन डॉलर छप्पन सेंटचा चेक पाठवायचा.

"म्हणजे चुका आहेत हे त्यालाही माहीत आहे. तुम्हाला किती मिळाले?"

मी घाईने विषय बदलला. लिखाण १९६२ ला सुरू झालं, पहिला खंड १९६८ ला आला, चौथ्याचा दुसरा भाग २०२२ ला, आणि ठरलेत सात.

"सिंहस्थाची कामं बरी म्हणायची," काका रद्दीवाल्याला म्हणाले. तोही हसला. माल माझा, गिऱ्हाईक तो, आणि हसू माझंच.

खरी ठिणगी पडली ती फ्रेड ब्रुक्सच्या पुस्तकावर. १९७५ चं. आयबीएममध्ये प्रचंड प्रकल्प हाकून झाल्यावर त्याने लिहिलं: उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर माणसं वाढवली, की आणखी उशीर होतो.

काकांनी कप खाली ठेवला. ते निवृत्त ठेकेदार निघाले. "साफ खोटं! स्लॅबच्या दिवशी माणसं वाढवली की चारला उरकणारं काम दोनला उरकतं."

"पण नव्याला आधीचं समजावण्यात जुन्याचा वेळ जातो ना."

"पाटी उचलायची ती उचलायची. त्यात समजवायचं काय?"

"आमच्याकडे पाटीत काय आहे तेच कुणाला माहीत नसतं, काका!"

माझा आवाज चढला होता. कारण ह्याच पुस्तकाचा दाखला आमचे मॅनेजर दर मीटिंगला देतात आणि तारीख टळली की नवी पोरं माझ्याच गळ्यात मारतात. ती बिचारी दिवसभर मला प्रश्न विचारतात, माझं काम रात्री सुरू होतं, आणि सकाळी मेल येते: टीम वाढवूनही वेग का नाही? काकांनी निदान पुस्तक न वाचता विरोध केला. वाचून डोक्यावर बसणाऱ्यांचं काय करायचं?

काकांनी ब्रुक्स काखेत मारला. "हे राहू दे. जावई पुण्यात आयटीत आहे, त्याला देतो. तो पण रात्री उशिराच येतो घरी."

रद्दीवाल्याने उरलेली पुस्तकं तोलली, पुठ्ठे ओरबाडले आणि पैसे हातावर टेकवले. ब्रुक्सचे त्यात धरले नव्हते. विचारलं तर म्हणाला, "ते काकांनी नेलं ना साहेब, त्यांच्याकडून घ्या."