ट्यूब आणि टायरच्या मापाविषयी खुलासा

‘ट्यूब रबराचीच असते, ती ताणली जाते, म्हणून रिमचा व्यास जुळला की कोणतीही ट्यूब चालते’ हा सध्या पसरलेला दावा चुकीचा असून धोकादायकही आहे. दुचाकीच्या टायरवर लिहिलेल्या ९०/९०-१७ या मापात १७ हा रिमचा इंचांतील व्यास आहे, तर पहिला ९० ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी असून ट्यूबवरील मापाशी तीही जुळावी लागते. लहान ट्यूब ताणून पातळ होते व फुटू शकते. मोठीला आत घड्या पडतात आणि त्या घडीवरच ती घासून चिरते. रेडियल टायरला (ज्याच्या आतील धाग्यांचे थर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे असतात) रेडियलसाठीचीच ट्यूब हवी. नव्या टायरमध्ये जुनी, सैलावलेली ट्यूब घालण्याची काटकसर तर मुळीच करू नये. हवेचा दाब टायर थंड असतानाच तपासावा.